जिरोना : बार्सिलोनाहून जाऊन-येऊन, की एक रात्र मुक्काम?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

मेच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन बार्सिलोनाला जातेय. गाउडी या वास्तुविशारदाच्या इमारतींची तिकिटं काढून झाली. नवऱ्याचं म्हणणं, मधला एक दिवस काढून जिरोनाला जाऊन येऊ. नेटवर शोधलं तर जिथे तिथे नदीकाठच्या रंगीत घरांचा तोच एक फोटो आणि खाली 'अर्ध्या दिवसात होतं'.

तर प्रश्न असा, की त्या फोटोपलीकडे काय आहे? आईला कोरीवकाम, जुनी देवळं-चर्चेस मनापासून आवडतात. बाबा इतिहासवाले. पण बाबांचे गुडघे बेताचेच आहेत आणि दोघंही शाकाहारी. मुक्काम करण्यात अर्थ आहे का?

जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. 'गूगल कर' म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

उपद्व्यापी

अर्धा दिवस पुरतो, उगाच मुक्काम वगैरे नको. सकाळची जलद गाडी, आयफेलचा लाल पूल, रंगीत घरं, चर्चच्या पायऱ्या, अरबांनी बांधलेले हमाम, आइस्क्रीम, परत. पायऱ्यांवर त्या ड्रॅगनवाल्या इंग्रजी मालिकेचं शूटिंग झालंय, त्यामुळे तिथे अर्धी जनता घोड्यावर बसल्याच्या पोझमध्ये फोटो काढत असते. आणि हो, एका दगडी सिंहिणीच्या पार्श्वभागाची पापी घेतली की माणूस जिरोनाला परत येतो म्हणे. मी घेतली नाही. गरज वाटली नाही.

सांत्सकर

उपद्व्यापी, तुमची यादी बरोबर आहे, पण तुम्ही शहर बाहेरून बघून आलात. जिरोना आतून बघायचं गाव आहे.

मी बार्सिलोनात राहतो आणि पाहुणे आले की त्यांना जिरोनाला नेणं हे माझं ठरलेलं काम. त्या अनुभवावर लिहितो.

पाऊलवाट, सांत्स स्टेशनवरून जलद गाडीने चाळीसेक मिनिटं लागतात. हा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासूनच हे 'अर्ध्या दिवसाचं' प्रकरण बोकाळलं. साध्या गाडीला याच्या दुप्पट वेळ लागतो, पण भाडं बरंच कमी. स्टेशनवरून जुन्या गावात पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता, तेही सपाट रस्त्याने. चढ नदी ओलांडल्यावर सुरू होतो.

नदी म्हणजे ओन्यार. एरवी घोटाभर पाणी आणि त्यात जाडजूड मासे. पण माजली की काय करते हे इथल्या जुन्या लोकांना विचारा. १९४०चा पूर अजून बोलण्यात येतो. ती घरं थेट नदीच्या भिंतीवर उभी आहेत, तुमच्या त्या फोटोतली. पूर्वी ही गावाची मागची बाजू. सांडपाणी, वाळत घातलेले कपडे, एकावर एक चढवलेल्या गॅलऱ्या. आज दिसतात ते रंग १९८०च्या दशकात एका चित्रकाराने आणि वास्तुविशारदांनी मिळून ठरवून दिलेले आहेत. म्हणजे 'मध्ययुगीन रंगीत घरं' असं जे जिकडे तिकडे छापून येतं ते सोडून द्या. घरं जुनी, रंग माझ्या पिढीचे.

त्यातलं एक घर आतून बघता येतं. रफाएल मासो (१८८०–१९३५) या वास्तुविशारदाचं जन्मघर, कासा मासो. काठावरच्या घरांपैकी लोकांसाठी खुलं असलेलं हे एकच, आणि आधी वेळ ठरवूनच जावं लागतं. खिडकीच्या काचा, फरशा, फर्निचर, सगळं त्याने स्वतः आखलेलं. गाउडी बघून आलेल्या माणसाने हे जरूर बघावं. त्याच काळातला, पण आवाज न चढवणारा माणूस.

लाल लोखंडी पूल १८७७चा, आयफेलच्या कंपनीने बांधलेला. पॅरिसचा मनोरा त्यानंतर बारा वर्षांनी झाला. पुलावर उभं राहून पूल दिसत नाही, म्हणून बाजूच्या सांत आगुस्ती पुलावर जा. घरं आणि वर चर्च, दोन्ही तिथून एकत्र दिसतात.

महत्त्वाचं : मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे फुलांचा उत्सव असतो. १९५४पासून चालत आलाय. चर्चच्या पायऱ्या, तळघरं, एरवी बंद असणारे खासगी चौक, सगळीकडे फुलांच्या रचना. बघण्यासारखा आहे, पण गल्ल्यांत मुंगी शिरायला जागा नसते. बाबांचे गुडघे लक्षात घेता त्याच्या आधीचे दिवस पकड. आणि उत्सवाच्या काळात हॉटेलवाले काय भाव सांगतील ते विचारू नकोस.

चुनखडी

सांत्सकरांनी चर्चचा मान माझ्यासाठी ठेवलेला दिसतोय. :)

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पाऊलवाट, बाहेरून ते कथीड्रल थोडं फसवं आहे. दर्शनी भाग आणि पायऱ्या बरोक काळातल्या, सतराव्या-अठराव्या शतकातल्या. दर्शनी कोनाड्यांतले काही पुतळे तर विसाव्या शतकात बसवलेत. पायऱ्या साधारण नव्वद. मोजणारे वेगवेगळा आकडा सांगतात, कारण वर पोचेपर्यंत मोजण्याचं भान कोणाला असतं! पण आत शिरलात की पहिलं काम, मागच्या भिंतीला टेकून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं.

समोर जे दालन दिसतं ते जवळपास २३ मीटर रुंद आहे. मध्ये एकही खांब नाही. गॉथिक म्हणजे मध्ययुगातली टोकदार कमानींची शैली; जगातल्या गॉथिक दालनांत याच्याइतकं रुंद दुसरं नाही. गॉथिक चर्च म्हटलं की मधे उंच दालन आणि दोन्हीकडे खांबांच्या रांगांपलीकडे अरुंद दालनं, असा तीन पदरी आराखडा असतो. इथेही तसाच होणार होता. १३१२मध्ये ठरवून गाभाऱ्याचं काम काढलं, ते तीन पदरी पद्धतीनेच झालं. मग पुढचं दालन बांधायची वेळ आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, खांब नकोतच, गाभाऱ्याच्या पूर्ण रुंदीएवढं एकच दालन करू. साहजिकच लोक घाबरले. एवढ्या रुंदीवर दगडी छत टिकेल?

पुढचं मला सगळ्यात आवडतं. १४१६-१७मध्ये आसपासच्या प्रांतांतले नावाजलेले गवंडी-स्थपती बोलावले आणि एकेकाला शपथेवर विचारलं : छत उभं राहील का, आणि दोन्हींपैकी काय चांगलं? ती उत्तरं नोंदवलेली आहेत. अधिक जणांचा कौल तीन दालनांकडे होता. कामावरचा मुख्य स्थपती गिलेम बोफिल मात्र एकाच दालनावर ठाम राहिला. त्याच्या बाजूने मुद्दे काय होते बघा : उजेड जास्त येईल, आणि खर्च कमी होईल. बिशप आणि त्याच्या मंडळाने अखेर बोफिलचं ऐकलं. छत पुरं व्हायला पुढे दीड-दोन शतकं लागली. बोफिलला ते बघायला मिळालं नाही हे सांगायला नकोच.

मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलात की हा सगळा वाद डोळ्यांनी दिसतो. समोरच्या प्रचंड भिंतीत जुना तीन पदरी गाभारा खालच्या बाजूला बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर उरलेल्या मोकळ्या भिंतीत तीन गोल खिडक्या. दोन मापांची दोन चर्चेस एकमेकांना जोडली आहेत आणि सांधा लपवायचा कोणी प्रयत्नही केलेला नाही.

बाजूचा स्तंभयुक्त चौक याच्याही आधीचा, बाराव्या शतकातला. चार बाजू सारख्या नाहीत, चौक वाकडाच आहे, कारण जागा तेवढीच होती. पाऊलवाट, तुझ्या आईला खांबांच्या वरचं कोरीवकाम नीट बघायला सांग. बायबलच्या कथांमध्येच एके ठिकाणी दगड घडवणारे कारागीर कोरलेत आणि शेजारी बिशप. छिन्नी चालवणाऱ्याने स्वतःला जागा करून घेतलीय.

पाऊलवाट

चुनखडी, किती छान समजावलंत! शपथेवरची साक्ष वाचून बाबा आत्ताच खूश झालेत. ते कोर्टात होते.

पण त्या नव्वद पायऱ्या?

चुनखडी

समोरून चढायलाच हवं असं नाही. चर्चच्या दक्षिणेकडे अपोस्तोल्स नावाचा चौक आहे, तो वरच्याच पातळीवर. गल्ल्यांतून वळसा घालून तिथे जाता येतं. चढ चुकत नाही, पण तो टप्प्याटप्प्याने येतो आणि मधे बसायला कट्टे मिळतात. परतताना पायऱ्यांवरून उतरायचा मोह बाबांना टाळायला सांग, गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं वाईट.

उपद्व्यापी

ओके, दालन मान्य. मी तिकीट काढून आत गेलोच नव्हतो, बाहेर रांग होती.

सांत्सकर

म्हणजे 'अर्धा दिवस पुरतो' कसा पुरला ते कळलं. ;)

त्याच तिकिटात चर्चचा खजिनाही बघायला मिळतो, आणि तिथल्या दोन गोष्टींसाठी मी कितीही वेळा जाईन.

एक, 'सृष्टीच्या निर्मितीचा' पडदा. अकराव्या-बाराव्या शतकातलं लोकरीचं भरतकाम, साडेतीन मीटरहून उंच आणि साडेचार मीटरहून रुंद. टॅपेस्ट्री म्हणतात खरं, पण हे विणलेलं नाही, सुईने भरलेलं आहे. पाऊलवाट, तुझी आई भरतकाम करणारी असेल तर तिला तिथून हलवणं कठीण जाईल. मधल्या वर्तुळात ख्रिस्त, भोवती उजेड, पाणी, पक्षी-मासे, प्राण्यांना नावं देणारा आदम. चार कोपऱ्यांत चार वारे, फुगलेल्या पिशव्यांवर स्वार होऊन शिंगं फुंकणारे. कडेला महिन्यांची कामं. समुद्रातले मासे तर असे काही आहेत की भरणाऱ्याने समुद्र ऐकूनच भरला असावा. खोली मुद्दाम अंधारी ठेवलीय. डोळे सरावायला वेळ द्या, लोक आत येऊन लगेच निघून जातात.

दोन, ९७५मधली हस्तलिखित पोथी. बायबलमधल्या शेवटच्या प्रकटीकरणावरचं भाष्य, चित्रांसकट. तयार झाली लेओन भागातल्या ताबाराच्या मठात, इथे नंतर आली. तिच्या अखेरीस चित्रकारांची नावं आहेत आणि त्यात एका बाईचं नाव आधी येतं : एंदे. 'चित्रकार आणि देवाची सेविका' असं तिचं वर्णन आहे. नंतर एमेतेरी नावाच्या भिक्षूचं नाव. दहाव्या शतकातली एक बाई स्वतःच्या कामाखाली नाव लिहून गेलीय.

इस्रायल_आळी

धागा वाचत होतो, पण ज्यू वस्तीबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही म्हणून लॉगिन झालो. मी अलिबागचा, बेने इस्रायली. आमच्या आळीत वाढलेल्या माणसाला जिरोनाच्या त्या गल्ल्यांत फिरताना जे वाटतं ते थोडं वेगळं असतं, म्हणून लिहितो.

फोर्सा नावाचा चढणीचा रस्ता आहे. मुळात रोमन हमरस्ता गावातून जायचा तो याच वाटेने. त्याच्या बाजूच्या अरुंद गल्ल्यांत मध्ययुगातली ज्यू वस्ती होती. इथे मोशे बेन नाखमान जन्मले, ११९४मध्ये. वैद्य, धर्मशास्त्री, कबाला या ज्यू गूढवादी परंपरेतलं फार मोठं नाव. १२६३मध्ये बार्सिलोनाला राजासमोर ख्रिस्ती पंडितांशी त्यांचा जाहीर वादविवाद झाला. राजाने त्यांना मोकळेपणाने बोलायची मुभा दिली होती, आणि ते बोलले. त्याचा परिणाम असा, की अखेर त्यांना देश सोडावा लागला. सत्तरी ओलांडलेला माणूस पवित्र भूमीकडे गेला आणि १२७०मध्ये तिकडेच वारला.

पुढे १३९१मध्ये वस्तीवर हल्ला झाला. वाचलेले लोक जिरोनेया बुरुजात आसऱ्याला होते. मग १४९२मध्ये हद्दपारीचा हुकूम. त्यानंतर काही गल्ल्या भिंती घालून बंद झाल्या, वर घरं चढली, आणि हे सगळं विसाव्या शतकाच्या शेवटच्या टप्प्यात कुठे पुन्हा मोकळं होऊ लागलं.

ज्यू इतिहासाचं संग्रहालय जुन्या सिनेगॉगच्या जागी आहे. तिथे डोंगरावरच्या दफनभूमीतले हिब्रू लेख कोरलेले थडग्यांचे दगड ठेवलेत. मी त्यातली अक्षरं वाचू शकलो, हळूहळू, एकेक शब्द लावत. नावं ओळखीची होती. आमच्या घरात अजून ठेवतात ती.

दाराच्या उजव्या चौकटीत तिरकी खाच दिसते का तेही बघा. मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, बसवायची जागा असते ती. अलिबागला आमच्या घरांच्या दारांना मेझुझा अजून आहेत. तिथे नुसती खाच आहे.

पाऊलवाट, बाबांना इतिहास आवडतो ना, मग इथे घाई करू नका. स्मरणिकांच्या दुकानांत ताऱ्यांच्या चिन्हाचे मॅग्नेट विकायला आहेत, ते मला रुचलं नाही. पण संग्रहालय प्रामाणिक आहे.

पाऊलवाट

_/\_ यावर काय लिहावं सुचत नाही. तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

चुनखडी

इस्रायल_आळी, फार मोलाचा प्रतिसाद. वेगळा लेखच लिहा ना.

उपद्व्यापींच्या 'अरबांनी बांधलेल्या हमामा'बद्दल एक दुरुस्ती. ते अरबांनी बांधलेले नाहीत. तारीख ११९४ची, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतली. रोमन आणि मुस्लिम स्नानगृहांचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून स्थानिक कारागिरांनी रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या, पद्धतीने बांधलेली सार्वजनिक स्नानगृहं आहेत ती. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कपडे बदलायच्या दालनात मधोमध अष्टकोनी कुंड, त्याच्या कडेला आठ बारीक खांब, आणि वर उजेडासाठी उघडा घुमट. मग थंड, कोमट, गरम अशा क्रमाने खोल्या. लहान जागा आहे, अर्ध्या तासात होते. सकाळी उशिरा जा, घुमटातून उजेड थेट कुंडावर येतो.

सांत पेरे दे गाय्यिगान्त्स नावाचा जुना बेनेडिक्टाइन मठ तिथून दोन मिनिटांवर आहे, त्याचा अष्टकोनी घंटाघराचा मनोरा सुरेख. आत पुरातत्त्व संग्रहालय आहे. गर्दी अजिबात नसते. का नसते कळत नाही.

भाकरतुकडा

खाण्याचं बघू. शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण दर वेळी विचारून घ्या.

टोमॅटो चोळलेला पाव (पा आम तोमाकेत) कुठेही मिळतो आणि पोट भरतो. एस्कालिवादा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी-ढबू मिरची, वर ऑलिव्ह तेल. आईला आवडेल, मात्र कधीकधी वर छोटे मासे पसरून देतात, त्यामुळे आधीच सांगा. बेदाणे आणि चिलगोजे घालून केलेला पालकही मिळतो, त्यात हॅम नाही ना हे विचारा. आमच्या वेळी 'शाकाहारी आहे' सांगितल्यावर एका ठिकाणी ट्युना घातलेलं सॅलड आलं होतं. मासा त्यांच्या हिशेबी मांसात मोडत नाही.

गोडात शुशो. नाव वाचून हसू नका. जिरोनाचाच पदार्थ, तळलेला, आत कस्टर्ड, वर साखर. अंडं असतं, आई-बाबांना चालत असेल तरच. दंतकथा अशी, की तार्ला नावाचा एक डोंबारी मिठाईवाल्याच्या मुलीला भेटायला आला आणि वडील आल्यावर पिठाच्या पोत्यात लपला. आत शिंका यायला लागल्या, पकडला गेला. मग लग्न आणि मिठाईची पाककृती, दोन्ही पदरात पडलं. तार्लाचं बाहुलं उत्सवाच्या दिवसांत एका रस्त्यावर दांड्याला टांगून कोलांट्या मारायला लावतात.

जुनी_रीळं

सिनेमाच्या संग्रहालयाचं कोणी नाव काढलं नाही! तोमास मायोल या संग्राहकाचा संग्रह, १९९८मध्ये उघडला. छायाबाहुल्यांपासून मॅजिक लँटर्नपर्यंत, सिनेमाच्या आधी माणसाने चित्रं हलवायला काय काय केलं ते सगळं. मला तिथे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका आठवली. १८९०च्या दशकात तेही काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून कथा सांगत होते. जिरोनातल्या त्या लाकडी पेट्या बघताना तीच जात ओळखू येते. बाबांना बसायला जागा आहे आणि लिफ्टही असावी, पण ते आधी विचारून घ्या.

उपद्व्यापी

उडणाऱ्या माश्यांची गोष्ट राहिली. सांत फेलिऊच्या चर्चचं टोक कापल्यासारखं दिसतं ना, १५८१मध्ये वीज पडून गेलं ते. आत संत नार्सिसची समाधी. १२८५मध्ये फ्रेंच सैन्याने वेढा घातला तेव्हा समाधीतून माशांचे थवे निघाले आणि त्यांनी सैन्याला पिटाळलं. अजूनही मिठाईच्या दुकानांत माशांच्या नावाची चॉकलेटं विकतात.

बघा, मलाही काही येतं.

सांत्सकर

येतं की! फक्त एक पुस्ती : शहर त्या वेळी शरण गेलं होतं. माशा नंतर आल्या. छावणीत रोगराई पसरली, फ्रेंच राजा माघारी जाताना पेर्पिन्यांला वारला, आणि श्रेय संताला मिळालं. १८०९मध्ये नेपोलियनच्या सैन्याने सात महिने वेढा घातला तेव्हा काही माशा आल्या नाहीत. जिरोनेया बुरुजाचे आज नुसते अवशेष दिसतात ते त्याच युद्धामुळे.

पाऊलवाट, तटबंदीवरचा फेरफटका फुकट आहे आणि संध्याकाळीच करावा. पाया रोमन, वर कॅरोलिंगियन काळातलं काम, मग चौदाव्या शतकातला विस्तार. पश्चिमेचा तट गाव वाढवायला पाडून टाकला, डोंगराकडचा राहिला. वरून कौलारू छपरं, चर्चची पाठ आणि हवा स्वच्छ असेल तर पिरेनीजची रांग दिसते. मधे मधे जिने आहेत, पण सगळा तट चालायलाच हवा असं नाही. एका बुरुजावर बसून राहिलं तरी चालतं. आणि मुक्काम करायचा तो यासाठीच. सहा-साडेसहाला बार्सिलोनाची गर्दी गाडीत बसते, मग फोर्सा रस्त्यावर पावलं वाजतात ती फक्त गावकऱ्यांची.

तेव्हा एक रात्र नक्की राहा.

पाऊलवाट

सगळ्यांचे खूप खूप आभार! ठरलं. फुलांच्या उत्सवाच्या आधी, रविवारी दुपारी पोचून एक रात्र मुक्काम, सोमवारी दिवसभर संग्रहालयं आणि चर्च, रात्रीच्या गाडीने परत. नदीच्या स्टेशनकडच्या बाजूला लिफ्टवालं हॉटेल बघितलंय. आईने भरतकामाच्या पडद्याचे फोटो बघायला साफ नकार दिलाय, थेट तिथेच बघणार म्हणे.

सांत्सकर

सोमवार नको गं! इथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. एक दिवस पुढे ढकल, सोमवारी दुपारी पोच आणि मंगळवार मोकळा ठेव. कासा मासोची वेळ मात्र आजच मागून ठेव, गट लहान असतात.

उपद्व्यापी

आणि बाबांना सिंहिणीकडे न्या. मूळ शिल्प बाराव्या शतकातलं, ते कला संग्रहालयात आहे. चौकात खांबावर आहे ती प्रतिकृती. तिच्यापर्यंत पोचायला पायऱ्या चढाव्या लागल्या, तर तेवढं गुडघे सांभाळून.